मुलांचे काम मुलांच्याच हातचे असू द्या

मा. संपादक,

सादर नमस्कार.

इंदूरमध्ये मी 31 वर्षे बालवाडीत शिकवले. आता निवृत्त आहे आणि घरी साडेचार वर्षांच्या नातवाच्या सोबतीने दिवस जातो. लहान मुलांच्या हस्तकलेच्या नावाखाली आपल्या शहरात सध्या जे चालले आहे, त्याबद्दल लिहावे असे बरेच दिवस मनात होते. पत्र थोडे लांबले आहे, पण विषय तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा आहे आणि या मुलांना स्वतःची बाजू मांडता येत नाही, हे लक्षात घेऊन आपण जागा द्यावी, ही विनंती.

गेल्या पावसाळ्यात नातवाच्या शाळेने ‘पावसाळा’ या विषयावर घरून प्रोजेक्ट करून आणायला सांगितले. आम्ही त्याला एक मोठा पुठ्ठा, जुनी वर्तमानपत्रे, थोडा कापूस, वाटीभर खळ आणि बोथट टोकाची कात्री दिली आणि त्याच्याजवळ नुसते बसून राहिलो. दोन संध्याकाळी तो त्यात रमला. त्याने कापसाचे ढग चिकटवले, कागदाच्या पट्ट्या फाडून पावसाच्या धारा केल्या आणि निळ्या कागदाची एक छत्री कापली, तिची एक बाजू दुसरीपेक्षा बरीच लांब झाली. पाऊस मात्र पुठ्ठ्याच्या अर्ध्याच भागावर होता. कारण विचारले तेव्हा म्हणाला, “आजी, त्या बाजूला तुझी लुगडी वाळत आहेत ना.” साडेचार वर्षांच्या मुलाने चित्राचा एक कोपरा कोरडा ठेवावा आणि त्यामागे घरातल्या माणसाची काळजी असावी, याहून मोठे यश मी वर्गात क्वचितच पाहिले असेल. तो पुठ्ठा शाळेतून परत आला, तेव्हा मागे शेरा होता: काम नीटनेटके नाही, पालकांनी लक्ष घालावे. भिंतीवर लागले होते ते थर्माकोलचे डोंगर, चमकीचे इंद्रधनुष्य आणि यंत्राने कापलेली अक्षरे. वर्गातल्या मुलांपैकी कोणाच्याही हातून ते होणे शक्य नव्हते, हे शिकवणाऱ्या बाईंनाही ठाऊक असणारच.

हे एका शाळेपुरते असते तर मी लेखणी उचलली नसती. ओळखीच्या घरांतून, रामबागेतल्या जुन्या शेजाऱ्यांकडून आणि सुदामानगरातल्या भाचीकडून हेच ऐकते. रात्री अकरा वाजता आई प्रोजेक्ट करत बसते, वडील स्टेशनरीच्या दुकानातून तयार वस्तू घेऊन येतात, आणि ज्याच्या नावाने हे सारे चालते तो केव्हाच झोपी गेलेला असतो. सकाळी त्याच्या हातात वस्तू दिली जाते आणि “सांभाळून ने, मोडू नकोस” असे बजावले जाते. त्या मुलाचा त्या वस्तूशी संबंध तेवढाच. पुढे टाळ्या पडतात तेव्हा त्या आपल्या नाहीत, हे त्याला कळते, कारण मुलांना हे फार लवकर कळते.

हातांविषयी थोडे सांगितले पाहिजे. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती बहुधा कूर्चेचीच असतात आणि एकामागून एक, वर्षानुवर्षे पक्की होत जातात. शेवटचे हाड पक्के व्हायला नववे ते बारावे वर्ष उजाडते. म्हणूनच डॉक्टर हाताच्या क्ष-किरण चित्रावरून मुलाच्या हाडांचे वय सांगू शकतात. असे मनगट असलेल्या मुलाला चार रेघांच्या वहीत पानभर ‘अ’ गिरवायला लावायचे आणि त्याच वेळी ज्या कामांनी बोटे तयार होतात ती सारी पालकांकडून करून घ्यायची, ही उलटी रीत आहे. फाडणे, चुरगाळणे, मळणे, वळणे, ओवणे, चिमटीत धरणे आणि पिळणे ही लेखनाच्या आधीची कामे आहेत. पूर्वी ती घरातच होत. आजीजवळ बसून चार वर्षांची मुलगी कापसाची वात वळायची, ती वात दिव्यात लागण्याजोगी नसली तरी कोणी टाकून देत नसे. शेंगा सोलणे, लसूण निवडणे, पुरीची लाटी करणे, अंगणात रांगोळीचे ठिपके टाकणे यांना कोणी शिक्षण म्हणत नव्हते, पण पुढे पाटीवर पेन्सिल टेकवली की बोटे आपोआप वळत होती.

कागद फाडण्यापासूनच सुरुवात करावी, असे मी प्रत्येक पालकाला सांगते, आणि बहुतेकांना ते पटत नाही, कारण फाडणे म्हणजे नासधूस अशी आपली समजूत असते. नातवाच्या हाती एका दुपारी मी वर्तमानपत्राचा एक कागद दिला आणि लांब पट्ट्या फाडायला सांगितल्या. वरून खाली फाडला तेव्हा पट्टी जवळजवळ सरळ निघाली. मग त्याने तोच कागद आडवा फाडला, तर कागद मध्येच वळला आणि पट्टीचे टोक भलतीकडेच गेले. त्याने पुन्हा उभा फाडला, पुन्हा आडवा. पाच-सहा वेळा असे झाल्यावर त्याने कागद माझ्यासमोर धरून सांगितले, “याला इकडून जायला आवडतं.” कागद यंत्रावर तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेने मांडले जातात आणि त्या दिशेने तो सरळ फाटतो, ही गोष्ट मी त्याला सांगितली नाही, सांगायची गरजही नव्हती. त्याला एक नियम सापडला होता, तो त्याने स्वतः पुन्हा पुन्हा तपासून पाहिला होता, आणि त्यासाठी घरातून एक पैसाही खर्च झाला नव्हता. यापुढे पट्ट्यांची चटई विणणे, तुकडे चिकटवून मासा किंवा मोर भरणे, बोळे करून बोळ्यांचे चेंडू करणे ही कामे सहज येतात.

चिकटवायला बाजारचा गोंद लागतच नाही. दोन चमचे मैदा आधी थोड्या थंड पाण्यात कालवून गुठळ्या मोडाव्यात, मग एकूण कपभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहावे. मिश्रण पांढरट असते ते थोडे पारदर्शक आणि दाट झाले की खळ तयार. ढवळण्याचे काम मोठ्यांनी करावे, पण गार झालेल्या खळीत बोट बुडवणे हे मुलाचे काम. पुस्तके बांधणारे पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत, ते विषारी असल्याने मुलांच्या खळीत चुकूनही घालू नये. ताजी करावी, उरली तर फ्रिजमध्ये एक-दोन दिवस राहते. मळण्यासाठी दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसे पाऊण ते एक वाटी पाणी घेऊन कणकेसारखा गोळा करावा. झाकणाच्या डब्यात तो आठवडाभर टिकतो, मात्र त्यात मीठ फार असते, तेव्हा मूल तो तोंडात घालणार नाही इकडे लक्ष हवे. मातीकाम करायचे असेल तर आपल्या माळव्याची काळी माती तशीच घेतली तर वस्तू वाळताना तडकते, कारण ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. मूल कष्टाने बैल करते आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीला भेग पडलेली पाहून रडू लागते, हे मी कित्येक वर्षे पोळ्याच्या सणाला पाहिले आहे. कुंभाराकडून चाळलेली, मळलेली माती मूठभर आणली की हा प्रश्न बव्हंशी सुटतो.

कात्रीबद्दल पालकांच्या मनात भीती असते आणि ती चुकीची नाही, पण भीतीपोटी कात्री देणेच टाळले तर मुलाचे नुकसान होते. बोथट टोकांची, मुलाच्या बोटांत बसेल अशी कात्री घ्यावी. आधी बोटभर रुंदीची कागदाची पट्टी द्यावी, म्हणजे एका कचक्यात तुकडा पडतो आणि मुलाला लगेच फळ दिसते. मग कागदाच्या कडेला झालर कापायला द्यावी, त्यानंतर सरळ रेघेवर, आणि वळणदार रेघ सर्वांत शेवटी. हा क्रम मोडून एकदम फूल कापायला दिले की कागद चुरगळतो, मूल खट्टू होते आणि आईच कात्री हातात घेते. जे मूल आपण होऊन डावा हात वापरते त्याचा हात बदलू नये, त्याच्यासाठी डावखुऱ्यांची कात्री मिळते. आणखी एक साधी गोष्ट: रंगाचे खडू लांबलचक न देता मोडून बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे तुकडे द्यावेत. लहान तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो तीन बोटांतच धरावा लागतो, आणि पुढे पेन्सिल धरण्याची पकड तिथेच बसते.

गणिताचे नाव न घेता गणित कसे येते, हे मला थंडीच्या दिवसांत मटारच्या शेंगांनी दाखवले. आपल्याकडे हिवाळ्यात घरोघरी मटारचा ढीग सोलायला बसतात. नातवाने शेंगा सोलता सोलता दाणे मोजायला सुरुवात केली आणि टरफले वेगवेगळी ठेवू लागला: चार दाण्यांची एकीकडे, पाच दाण्यांची दुसरीकडे, सहाची तिसरीकडे. मी फक्त एवढेच केले की वर्तमानपत्राच्या कडेवर आकडे लिहून दिले आणि त्या आकड्यांसमोर त्याने टरफले ओळीने मांडली. पाऊण तासाने कागदावर कोणती रांग लांब आणि कोणती आखूड हे दुरूनही दिसत होते. सहाची रांग सर्वांत लांब होती, नऊ दाण्यांची एकच शेंग निघाली होती आणि ती त्याने शेवटपर्यंत कोणाला हात लावू दिली नाही. मोठ्या वर्गात ज्याला स्तंभालेख म्हणतात तो त्याने जमिनीवर मांडला होता. त्याला कोणी विचारले असते की आज काय शिकलास, तर त्याने “मटार सोलले” एवढेच उत्तर दिले असते, आणि ते उत्तर बरोबरच होते.

हळदीचा कागद हाही असाच. हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर बोटाने सारखी पसरावी आणि कागद वाळू द्यावा. मग साबणाच्या पाण्यात बुडवलेली कापसाची काडी त्यावर फिरवली की पिवळ्यावर तांबडी रेघ उमटते, आणि त्यावर लिंबाचा थेंब टाकला की पुन्हा पिवळी होते. पूर्वी घरी हळदीचे कुंकू करत तेही चुन्यामुळे हळद अशी लाल होते म्हणूनच. मुलाला कारण सांगण्याची घाई करू नये, त्याला दहा वेळा करून पाहू द्यावे.

आपण इंदूरचे मराठी लोक मुलांच्या भाषेबद्दल नेहमी हळहळतो. मुले शाळेत इंग्रजी ऐकतात, खेळताना हिंदी बोलतात आणि घरी आपण मराठीत विचारले की हिंदीत उत्तर देतात. मराठीची पुस्तके आणून दिली तरी ती कपाटात राहतात. माझा अनुभव असा आहे की हाताला काम असते तेव्हा शब्द आपोआप येतात आणि राहतातही, कारण प्रत्येक शब्दाला तिथे एक पकड, एक स्पर्श असतो. कागदाला घडी घालताना ‘दुमड’, ‘काठ’, ‘कोपरा’, ‘टोक’, ‘सुरकुती’ आणि ‘चुणी’ हे शब्द लागतातच. पीठ घेताना चिमूट, मूठ, ओंजळ आणि पसा यांतला फरक डोळ्यांसमोर असतो. दोरा मोजताना वीत आणि हात येतात. खळ ‘पातळ’ झाली, ‘घट्ट’ झाली, ‘गुठळ्या’ झाल्या, कागद ‘चिकटला’, ‘निसटला’, ‘फाटला’, ‘उसवला’, अशी किती क्रियापदे एका दुपारी होतात. ‘पसा’ हा शब्द नातवाला मी कधी शिकवला नाही. भिजवायला ठेवायचे चणे डब्यातून काढताना मी म्हटले, “एक पसा घे,” आणि त्याने एका हाताचा तळवा खोलगट करून माझ्याकडे पाहिले. आता तो स्वयंपाकघरात येऊन आपण होऊन विचारतो की पसाभर हवे की ओंजळभर.

या मातीत मुलांच्या हाताला काम देणारे सण कमी नाहीत. पितृपक्षात माळव्याच्या मुली घराच्या भिंतीवर शेणाने संजा काढतात, रोज नवी आकृती, चंद्र-सूर्य असतात, आणि शेवटी मोठा किलाकोट, म्हणजे किल्ल्यासारखी मोठी आकृती. त्यावर फुलांच्या पाकळ्या आणि चमकीचे कागद लावतात, संध्याकाळी गाणी म्हणतात. आमच्या लहानपणी शेजारच्या माळवी मुलींबरोबर आम्ही मराठी मुलीही भिंतीला हात लावायचो आणि आई ओरडायची ती फक्त हात धुण्यावरून. दिवाळीत दगड, विटा आणि मातीचा किल्ला होत असे, त्यावर मोहरी किंवा अळीव पेरले की चार-पाच दिवसांत हिरवळ उगवायची आणि रोज सकाळी ती किती वाढली हे पाहण्यासाठी मुले अंथरुणातून उठून धावायची. आता फ्लॅटमध्ये भिंतीला शेण लावता येत नाही, हे खरे आहे. पण पुठ्ठ्यावर शाडूने संजा करता येते, बाल्कनीत परातीएवढा किल्ला करता येतो, आणि हे मुलांनी करावे, बाजारातून आणलेल्या तयार किल्ल्यावर त्यांनी फक्त मावळे उभे करू नयेत.

साधी, घरची वस्तू वापरणे म्हणजे गरिबीची सोय, असे काही पालक मानतात आणि मुलाला महागडी पेटी दिली की आपले कर्तव्य झाले असे समजतात, म्हणून एवढी आठवण करून देते. जर्मनीत फ्रॉबेलने 1837 मध्ये लहान मुलांसाठी जी शाळा सुरू केली, तिथे कागदाच्या घड्या, चटईचे विणकाम आणि मातीकाम यांना मानाचे स्थान होते. गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढले, ताराबाई मोडक पुढे तिथे त्यांच्या सहकारी झाल्या, आणि 1945 मध्ये बोर्डीला गेल्यावर ताराबाईंनी अनुताई वाघांच्या साथीने खेड्यातल्या आणि आदिवासी मुलांसाठी जे साधन-साहित्य उभे केले, ते तिथल्याच शंख-शिंपल्यांतून, बियांतून आणि पाना-फुलांतून. आपल्या मध्य प्रदेशात 1972 मध्ये होशंगाबादच्या सोळा शाळांत जो विज्ञान-शिक्षणाचा उपक्रम सुरू झाला, त्यातही स्वस्त आणि हाताशी असलेली साधने हाच पाया होता. अभियंता अरविंद गुप्ता 1978 मध्ये नोकरीतून वर्षभराची सुटी घेऊन तिथे आले आणि आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे यांतून त्यांनी घडवलेली खेळणी पुढे देशभर गेली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठ्या शहरातल्या महागड्या शाळांना ही नावे सांगायची वेळ यावी, याचे वाईट वाटते.

आणि सरकारी कागदही याच बाजूचे आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एक सलग पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळातून, कृतीतून शिकण्यावर भर दिला. 2022 मध्ये या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, 2023 मध्ये ‘जादुई पिटारा’ नावाची खेळणी-कोड्यांची पेटी आली. तेव्हा पालकांना मुलांचे काम करायला लावणाऱ्या शाळांनी वरून सक्ती आहे असे सांगू नये.

एक गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय दुसऱ्या शिक्षकांना काही सांगण्याचा मला अधिकार नाही. नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मुलांची चित्रे मी ‘सुधारत’ असे. एका मुलीने मांजर काढले, त्याला कान नव्हते. मी माझ्या पेनाने दोन टोकदार कान काढून दिले आणि म्हटले, “आता मांजर झाले.” त्यानंतर वर्षभर ती मुलगी कोरा कागद घेऊन माझ्याकडे यायची आणि म्हणायची, “बाई, तुम्ही काढा.” तिच्या हातून मांजर पुन्हा निघाले नाही. आज तिला मुले असतील. तेव्हापासून मी मुलाच्या कागदावर कधी पेन टेकवला नाही, फक्त विचारते, “हे काय आहे, मला सांग,” आणि जे सांगेल ते मागच्या बाजूला तारखेसह लिहून ठेवते. पालकांनीही एवढे करावे. सहा महिन्यांनी ते कागद एकाशेजारी एक ठेवले की मूल कुठून कुठे आले हे कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षा स्पष्ट दिसते.

काळजी घ्यायच्या गोष्टींबाबत ढिलाई नको. तीन वर्षांखालच्या मुलाजवळ चिंचोके, मणी, बिया, बटणे किंवा थर्माकोलच्या गोळ्या ठेवू नयेत, आणि त्यापुढच्या वयातही मोठे माणूस जवळ असल्याशिवाय देऊ नयेत, कारण घशात आणि नाकात अडकण्याचा धोका असतो. बटणाच्या आकाराच्या बॅटऱ्या आणि लहान लोहचुंबक तर घरातल्या कोणत्याही कलाकामात नकोतच, ते गिळले गेले तर पोटात गंभीर इजा होते. गुंजा दिसायला फार सुरेख असतात आणि जुन्या घरांत डबीत सापडतात, पण त्यांच्यात तीव्र विष असते, म्हणून त्यांची माळ मुलाच्या हाती देऊ नये. एरंडाच्या बियांचेही तसेच. मोबाइलवर हस्तकलेची चित्रफीत लावून दिली की काम झाले असेही समजू नये, तिथे हात दुसऱ्याचेच चालतात आणि मूल नुसते बघत राहते.

आता माझ्या विनंत्या. शाळांनी सहा वर्षांखालच्या मुलांना घरून करून आणायचे प्रोजेक्ट देणे थांबवावे आणि त्याऐवजी आठवड्यातून दोन तास वर्गातच, मुलांच्या हातून, मुलांना जमेल तेच करून घ्यावे. प्रदर्शन भरवायचे असेल तर वाकडे-तिकडे काम भिंतीवर लावण्याचे धाडस शिक्षकांनी दाखवावे. एका वर्गाने सुरुवात केली की पालकांची नजरही बदलते. आपले शहर 2017 ते 2023 सलग स्वच्छतेत देशात पहिले आले (2023 मध्ये सुरतसह) आणि ओला-सुका कचरा वेगळा करणे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. मग रिकाम्या आगपेट्या, पुठ्ठ्याच्या नळ्या, बाटल्यांची झाकणे आणि कापडाच्या चिंध्या गाडीत जाण्याआधी एका खोक्यात शाळेत का जाऊ नयेत? प्रत्येक घराने महिन्यातून एक पिशवी दिली तरी वर्गाला वर्षभर पुरेल.

शहरातल्या मराठी संस्थांना आणि मंडळांना विशेष सांगणे आहे. गणेशोत्सवात आपण मुलांच्या चित्रकला स्पर्धा ठेवतो आणि त्यात तीन बक्षिसे देऊन उरलेल्या पन्नास मुलांना रिकाम्या हाताने परत पाठवतो. त्याऐवजी आपली सभागृहे जेव्हा मोकळी असतात अशा एका सकाळी, महिन्यातून एकदा तरी, स्पर्धा नसलेला हस्तकामाचा तास ठेवावा, ज्यात आजी-आजोबांनी नातवंडांसह बसावे, वाती वळाव्यात, होड्या कराव्यात, शाडूचे गणपती करावेत आणि मराठीत बोलावे. आमच्या पिढीतल्या कितीतरी बायकांच्या हातात अजून शिवण, विणकाम, रांगोळी, कागदकाम आहे, आणि त्यांना कोणी बोलावत नाही. मी स्वतः असा तास घ्यायला तयार आहे, मानधन नको. खळ घरून करून आणीन.

शेवटची विनंती आपल्यालाच. आपल्या रविवारच्या अंकात मुलांसाठी एक चौकट असते, तिच्यात कोडी आणि रंगवायचे चित्र असते. त्या चौकटीत दर आठवड्याला एकच हस्तकाम द्यावे, तेही असे की त्याच पानाचा कागद कापून, दुमडून किंवा फाडून ते करता येईल. पहिल्या रविवारी होडी, दुसऱ्या रविवारी टोपी, मग चटई. घडीच्या रेघा बारीक ठिपक्यांनी छापाव्यात आणि पाठीमागच्या बाजूला त्या दिवशी महत्त्वाची बातमी ठेवू नये, म्हणजे आजोबा पान देण्यास नाही म्हणणार नाहीत.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका
रामबाग, इंदूर